ताईच्या अंगणातलं ऊन

माझी थोरली मावशी जळायची ती एकाच बाईवर, आणि ती बाई म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण, माझी धाकटी मावशी. धाकटीचे केस लांब म्हणून जळायची. धाकटीचा नवरा घोरत नाही, यावरही ती कितीतरी वर्षं जळली. आम्ही हसायचो, पण तिच्या मनाला ते खरंच लागायचं. एकटी असली की तिचे डोळे भरून यायचे.

दोघींच्याही लाँड्र्या. थोरलीची डोंगराच्या अलीकडे, इस्पितळाच्या मागच्या गल्लीत. धाकटीची पलीकडे. मधे बोगदा. मी इस्पितळाची व्हॅन चालवतो. मळक्या चादरी थोरलीकडे टाकायच्या आणि इस्त्री केलेल्या उचलायच्या, हे माझं रोजचं काम. थोरलीचं घर त्या चादरींवरच चालायचं.

त्या हिवाळ्यात तिचा झरा आटला. सिमेंटच्या टाकीत तळाशी हिरवा गाळ तेवढा राहिला. पाणी खात्याचा इंजिनिअर आला, टाकीत डोकावला आणि तिला नीट समजावून सांगू लागला. ढग येतात पश्चिमेकडून. डोंगर चढताना ते गार पडतात आणि सगळा बर्फ तिकडच्याच उतारावर टाकतात. माथा ओलांडून इकडे येते ती कोरडी हवा. एरवी थोडाफार बर्फ इकडेही पडतो, हिवाळाभर उन्हानं हळूहळू वितळतो, जमिनीत मुरतो आणि झऱ्याला येतो. यंदा माथा ओलांडणारे वारेच उत्तरेला सरकले. जे चार ढग इकडे आले, त्यांचा उबेमुळे पाऊस झाला आणि तो एका दिवसात नाल्यानं वाहून गेला. साठायला बर्फच नाही, तर झरा कुठून वाहणार?

मावशीनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या वाटचा बर्फ त्या धाकटीच्या छपरावर पडतो!"

"तसं नाही हो बाई. डोंगर आडवा येतो."

"मग एवढा बोगदा कशाला खणलात? त्यातून येऊ देत की ढग!"

इंजिनिअर बिचारा हसू दाबत निघून गेला.

चादरी अर्थातच धाकटीकडे जाऊ लागल्या. बोगद्यातून बाहेर पडलं की तिकडे सगळं पांढरं. धाकटीच्या दारात नळ धो धो वाहत होता. मलासुद्धा राग आला, खोटं कशाला बोलू? पण तिथं चादरी वाळेनात. दिवसभर धुकं, बर्फाची भुरभुर. खोलीत शेगडी पेटवून दोऱ्या बांधल्या, तरी शिवणी ओल्याच. इस्पितळात चादरींना कुबट वास यायला लागला. मोठ्या सिस्टरबाईंनी मला बोलावून सुनावलं, "अशी एक खेप जरी पुन्हा आली, तरी हे काम शहरातल्या कारखान्याला जाईल. कायमचं."

म्हणजे झरा परत आला असता, तरी थोरलीच्या हातात काही उरलं नसतं.

मी धाकटीला म्हटलं, धुवायचं तू, वाळवायचं आणि इस्त्री करायची थोरलीनं. ती लगेच तयार झाली. "दे ताईकडे. बिचारीचं पाणी गेलं, तेवढंच हाताला काम."

बिचारी! हा शब्द थोरलीच्या कानावर गेला असता, तर तिनं चादरी व्हॅनसकट दरीत ढकलल्या असत्या. बोगद्यात मी विचार केला आणि बाहेर येईपर्यंत निरोप बदलून टाकला.

गाठोडी बघताच थोरली कडाडली, "तिचं उष्टं काम मला नको."

"नको तर नको. पण मावशी, ती जाम जळते तुझ्यावर. म्हणाली, ताईच्या अंगणात ऊन लोळतं आणि मी इथं शेगडीपुढे खोकत बसते."

थोरली थबकली. "काय म्हणाली? परत सांग."

मी परत सांगितलं, तिखटमीठ लावून. तिनं पदर खोचला. चादर झटकली, शिवण खाली, दोन्ही कडा ताणून, त्यांच्या आईनं दोघींना शिकवलं होतं तशी. गारठ्यानं चादरी आधी लाकडासारख्या ताठ झाल्या, मग कोरड्या वाऱ्यानं आणि उन्हानं खडखडीत वाळल्या. त्या दिवसापासून मी पोचलो की तिचा पहिला प्रश्न, "काय, जळते का अजून?"

"भयंकर," मी म्हणायचो.

एके दिवशी धाकटी व्हॅनमध्ये येऊन बसली. ताईला बघून फार दिवस झाले म्हणे. आता माझं बिंग फुटणार!

ती अंगणात उतरली आणि तिथंच उभी राहिली. दोऱ्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी फडफडत होत्या. तिनं एक गालाला लावून पाहिली. तळहात उन्हात धरले. खोकली.

"एवढं ऊन," ती हळूच म्हणाली. मग तिचा आवाज चिरकला. "पहिल्यापासून असंच. चांगलं ते सगळं ताईला."

थोरलीच्या हातातला चिमटा तसाच राहिला. जन्मभर जे ऐकायची वाट पाहिली ते ऐकायला मिळालं, तर ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. आत जाऊन तिनं आपली खुर्ची आणली, भिंतीपाशी जिथं सगळ्यात उबदार असतं तिथं ठेवली आणि दोरीवरची एक चादर काढून खुर्चीवर ऊन मोकळं केलं.

"बस," ती म्हणाली. "व्हॅन थांबेल."