पिशवी राहू द्या

आमच्या लातूरच्या गल्लीत बाईच्या अंगावरून जास्त जाऊ लागलं की सगळ्यांचं औषध एकच: पिशवी काढून टाक. माझ्या सासूबाईंनी, मी त्यांना आत्याबाई म्हणते, तिशीतच काढली होती. त्यामुळं माझा रिपोर्ट आला, गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर म्हणून, तेव्हा त्यांनी उभ्याउभ्याच निकाल दिला. "टाक काढून. कटकट जाती."

"तुम्ही चार लेकरं झाल्यावर काढलीत, आत्याबाई. मला एक तरी होऊ द्या की!"

लग्नाला पाच वर्षं झाली होती. मला मूल हवं होतं, लई हवं होतं, अन् ते सांगायला मी कुणाला लाजत नव्हते. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी एमआरआय बघितला. म्हणाल्या, आजार सुरुवातीचा आहे, अस्तरातच आहे, म्हणून गोळ्यांवर प्रयत्न करता येईल. हार्मोनची गोळी रोज, चुकवायची नाही. दर तीन महिन्यांनी क्युरेटिंग करून, म्हणजे अस्तर खरवडून, तुकडा तपासायचा. वजन उतरवायचं. अन् आजार वाढला तर? "तर तुमचं ऐकणार नाही, पिशवी काढणार." असं रोखठोक बोलणारं माणूस मला आवडतं. म्हटलं, कबूल.

ते दुष्काळाचं वर्ष. लातूर जिल्हा होऊन एक पिढी उलटली होती, पाणी मात्र रेल्वेनं येत होतं. टँकर गल्लीच्या तोंडाला थांबायचा. चालायला सांगितलंय म्हणून मी दोन्ही हातांत कळशा घेऊन फेऱ्या मारायचे. "ही आजारी हाय का पैलवान?" शेजारीण विचारायची.

पहिल्या तपासणीत आजार ओसरलेला दिसला. मग महालक्ष्म्या आल्या. सणात पाळी नको म्हणून आमच्याकडं बायका गोळ्या घेतात, एकमेकींकडून मागूनही नेतात. त्या सकाळी मी डबा उघडला तर माझी पाकिटं गायब! आत्याबाई पुरणाची डाळ निवडत बसल्या होत्या.

"गल्लीतल्या सुनांनी मागितल्या, दिल्या. तुझी पाळी थांबलीच की त्यानं."

माझं डोकंच फिरलं. "अहो, ते कॅन्सरचं औषध हाय! प्रसाद म्हणून वाटलात का?"

त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं. रक्त थांबवायच्या गोळ्या, एवढंच त्या समजून होत्या. तशाच अनवाणी निघाल्या, दारोदार. "दे माघारी! घेतलीस एक? बरं, दुसरी घेऊ नको, माय." दिलेली वस्तू परत मागायची, तीही सणाच्या तोंडावर, म्हणजे आमच्याकडं नाक कापून घेणंच. पदरात बांधून सगळी पाकिटं आणली. त्या दिवसापासून गोळी त्याच द्यायच्या, अन् मी गिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

पुढच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ आल्या. आता मुलासाठी उशीर करू नका, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी कशाला उशीर करतेय! गोळी बंद झाली, दिवस राहिले, अन् लेक झाली, काळीसावळी, मोठ्या आवाजाची.

तिचं दूध तुटल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार परत येऊ शकतो, आता पिशवी काढू. मी तयारच होते. आत्याबाई मात्र दवाखान्याच्या बाकड्यावर नातीला घेऊन रडायला लागल्या. "राहू दे की गं अजून. एवढी राखली आपण."

मी त्यांचे डोळे पुसले. "जिच्यासाठी राखली, ती तुमच्या मांडीवर हाय, आत्याबाई. सांभाळा तिला, मी आलेच."