गाणं संपलं की मी दार लावायचो

मंडळी, आज मान खाली घालून लिहितोय.

सकाळी आटपाडीत सलूनमध्ये दाढीला बसलो होतो. मोबाईलवर एका जुन्या मालिकेचं शीर्षकगीत लागलं आणि माझी गाडी सुटली. संगीतकार कोण, सतार कुठं, बासरी कुठं, सगळं सांगितलं. त्या काळी गावात टीव्ही फक्त आमच्याकडं होता, हेही ऐकवून टाकलं.

शेजारी आमच्याच गावचा ज्ञानू बसला होता. त्यानं अख्खं गाणं बासरीच्या तुकड्यांसकट गुणगुणून दाखवलं. मी म्हणालो, "गड्या, लय ध्यानात हाय की रं!"

"आवं तात्या, आमच्या वाट्याला गाणंच यायचं," तो हसत म्हणाला. "गाणं संपलं, की गलका नको म्हणून तुमी दार लावायचा. आमी अंगणात."

सगळे हसले. मला आरशात बघवेना.

मग त्यानं सहज विचारलं, "त्या गोष्टीत शेवटी काय झालं वो?"

दर रविवारी मी ती मालिका पुढं बसून बघितली होती, पण मला काहीच आठवलं नाही.

खरं सांगा, तुम्ही कुणावर असं दार लावलंय का? नंतर त्या माणसाशी काय बोललात? मला अजून शब्द सापडत नाहीत.