रान कुणाचं, बैठक कुणाची

"तू चाय बघ गो. रानातल्या भानगडीत बायकांचा काय काम?"

चाचा बोलले. माझ्या नवऱ्याचे काका, मस्कतमधल्या आमच्या गाववाल्यांचे पुढारी. वादी अदाई भागातल्या आमच्याच घराच्या हॉलमध्ये शुक्रवारची बैठक भरली होती. सगळे हसले. माझा नवराही. माझ्या हातात ट्रे.

मी एवढंच म्हटलं होतं, रानाला कुंपण घालू नका. रत्नागिरीकडचं आमचं सामायिक रान. वरचा आणि खालचा मोहल्ला त्यावरून भांडतात. त्याच आठवड्यात खालच्या पोरांनी वरच्या मोहल्ल्यातल्या माझ्या आईची मोळी हिसकावून व्हाळाच्या पाण्यात फेकली होती. आणि ज्यांनी जन्मात काटकी उचलली नाही, ते इथे एसीत बसून कुंपण घालून रान बंद करायचं ठरवत होते. मग आईने चूल कशावर पेटवायची?

पार्लरमध्ये आयबानला सांगितलं. ती माझ्यासोबत काम करते, मेघालयातली खासी. त्यांच्यात जमीन आईकडून धाकट्या मुलीला जाते. म्हटलं, तुझं बरंय बाई. ती भडकलीच.

"दीदी, ज़मीन हमारी, पर दरबार में बैठते सिर्फ़ मर्द."

जंगलावरून त्यांची दोन गावं भांडली. पुरुषांनी दरबार, म्हणजे त्यांच्या गावसभा, भरवले, शेवटी कोयते निघाले. मग तिची आई उठली. दोन्ही गावांत एकाच आईकुळातल्या बायका होत्या. त्या सगळ्या जंगलात जाऊन बसल्या. लाकडाच्या पाळ्या लावल्या आणि पुरुषांना नुसतं कळवलं.

"किसी ने बुलाया नहीं था," आयबान म्हणाली.

जिची जमीन, तिलाही बोलावत नाहीत. मग मी कुणाच्या बोलावण्याची वाट बघतेय?

आईला फोन लावला. खालच्या मोहल्ल्यात माझी खाला दिलेली, आईची सख्खी बहीण. "दोघी रानात बसा," मी म्हटलं, "बायका गोळा करा." आई घाबरली. पण गेली.

पुढच्या शुक्रवारी चाचांनी हाक मारली, "चाय!"

मी रिकाम्या हातांनी आले. खुर्ची ओढून मध्ये बसले. फोन स्पीकरवर टाकला. आईचा आवाज आला, "पाळ्या ठरल्या. दोन्ही मोहल्ल्यांच्या बायका हयसर रानातच हाव. कुंपण नको."

नवरा पुटपुटला, "आत जा."

"नाही जाणार."

चाचा म्हणाले, "कुंपण घालणारच. खलास."

ते खलास झालेलं नाही. आई रानात बसते, मी इथे. दर शुक्रवारी, त्याच खुर्चीत. चहा ज्याला हवा, त्याने उठावं.