राखेच्या पाण्यातलं लाल पीस

मधाच्या पेटीला हात लावण्याआधी हात धुणारा माणूस त्या डोंगरावर एकच होता, आणि तो म्हणजे नगाम. मधमाश्यांना त्याच्या स्वच्छतेचं काही कौतुक नव्हतं. त्या त्याला इतरांइतक्याच चावत. पण नगाम बधला नाही. तो अंगण झाडायचा, झाडू धुवायचा आणि मग झाडू वाळत घातलेली जागा झाडायचा. "बोबे, तुम्ही गेलात की तुम्हाला पुरायची माती आधी चाळून घेऊ," असं त्याची बायको नांगे सगळ्यांसमोर म्हणायची. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मानाने बोबे म्हणतात. त्यावर नगाम मान डोलवायचा. त्याला ते रास्तच वाटायचं.

असा हा साधा माणूस. त्याच्या टोपीत मात्र तुराको पाखराचं लाल पीस होतं. तुराको फांदीवर बसलेला असतो तेव्हा हिरव्या कोटातला एखादा सज्जन कारकून वाटतो. उंबराची फळं खात निमूट असतो. पण उडाला की पंखांच्या आतली लाली अशी भडकते की खालचा माणूस चालता चालता थांबतो. त्या लालीतलं एक पीस फॉइन, म्हणजे राजा, स्वतःच्या हाताने ज्याच्या टोपीत खोचतो, त्याला रस्त्यात म्हातारेही वाट देतात. ते मागून मिळत नाही, आणि विकलं तर माफी नाही.

नगामला ते नऊ वर्षांपूर्वी मिळालं. कोरड्या दिवसांत वणवा जंगलाकडे चढत होता. स्वतःच्या बावीस पेट्या जळताना दिसत असूनही नगाम झऱ्यावरच्या झाडांभोवती गवत कापत राहिला. झरा वाचला. पेट्यांची राख झाली. वणव्याला गावातला चियाम्बाही आला होता, आग विझल्यावर, हातात नवा कोरा कोयता घेऊन. त्याला त्याचं पीस पुढे कशासाठी तरी मिळालंच. पण वणव्याचं पीस नगामला मिळालं, हे त्याच्या घशाखाली काही उतरलं नाही.

आणि मागच्या आठवड्यात, माडीच्या अड्ड्यावर, तुंबा भरलेला असताना चियाम्बा मोठ्याने म्हणाला, "नगामच्या टोपीत काय आहे माहितेय? कोंबडा! खरं पीस त्याने कधीच खालच्या बाजारातल्या व्यापाऱ्याला विकलं. आता रंगवलेलं कोंबड्याचं पीस मिरवतोय."

सगळे हसले. मग एकेक करून हसायचे थांबले, कारण ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. दुसऱ्याच दिवशी फॉइनच्या वाड्यातून निरोप आला: वार्षिक नाचाच्या दिवशी, सूर्य डोक्यावर येण्याआधी, नगामने पीस घेऊन पिसांचा राखणदार बोबे तिम याच्यासमोर उभं राहावं. पीस खोटं निघालं तर टोपी जाणार, आणि त्याच्या घरच्या कुणालाही पुन्हा वाड्याच्या अंगणात पाय ठेवता येणार नाही. नाचायला नाही, की मयताला रडायलाही नाही.

आता असा निरोप आल्यावर शहाणा माणूस काय करेल? गप्प बसेल. नगामने चुलीवरच्या फडताळातली टोपी काढली आणि तिच्यातलं पीस उजेडात धरलं. त्याच्यावर नऊ वर्षांचा धूर बसला होता.

"असं काळं पीस घेऊन जाऊ? फॉइनच्या समोर?"

"त्याला हात लावू नका," नांगे म्हणाली.

"हात कुठे लावतोय? फक्त धुतोय."

घरात केळ्याच्या सालींच्या राखेचं गाळलेलं पाणी असायचंच. त्याने तेलकट मडकी निघत, कपडे निघत, लहानपणी नातवंडांची डोकीही निघाली होती. नगामने लाकडी कटोऱ्यात ते पाणी ओतलं, नाचाच्या आदल्या संध्याकाळी पीस त्यात बुडवलं आणि समाधानाने झोपला.

पहाटे त्याने कटोऱ्यात पाहिलं. पाणी लाल झालं होतं आणि पीस राखाडी.

त्याने पीस उलटं करून पाहिलं, दुसऱ्या बाजूला लाली राहिली असेल या आशेने. ती नव्हती. तो चुलीपाशी मटकन बसला. रंग सुटला होता. कोंबड्याच्या रंगवलेल्या पिसाचा सुटतो तसाच. चियाम्बाला आता तोंडही उघडायची गरज नव्हती.

नांगे आली, तिने पाहिलं. 'मी सांगितलं होतं' हे तीन शब्द तिने त्या दिवशी गिळले. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

नगाम उठला. बाळंतिणींच्या अंगाला लावतात ती लाल लाकडाची भुकटी त्याने फळीवरून काढली, तेलात कालवली. कोंबडे आरवून झाले होते आणि वाड्याची चढण दोन तासांची होती.

"हे काय चाललंय?" नांगे म्हणाली.

"थोडंसंच लावतो. लांबून कोण बघतंय?"

"बोबे, आत्ता पीस खरं आहे आणि तुम्ही मूर्ख आहात. हे लावलंत की पीसही खोटं आणि तुम्हीही. मूर्खपणाची शिक्षा कमी असते."

नगामने बोटाला लागलेल्या लालीकडे पाहिलं. मग त्याने हात धुतले. अर्थात साध्या पाण्याने.

"आणि हा कटोरा घ्या," नांगे म्हणाली. "लाली पळून कुठे गेलेली नाही. इथेच आहे."

ती चढण नगाम आयुष्यभर विसरला नाही. पाऊल घसरलं की कटोरा हिंदकळे, आणि प्रत्येक थेंबागणिक त्याला वाटे की आपली अब्रू सांडली. वरच्या जंगलात तुराको कॉक-कॉक ओरडत होते. नगामला ते हसल्यासारखं ऐकू आलं.

वाड्याच्या अंगणात नाच थांबला होता. नगामने कटोरा खाली ठेवला, फॉइनला मान म्हणून ओंजळ करून तीन टाळ्या वाजवल्या, वाकला आणि पीस बोबे तिमपुढे केलं.

"बघा!" चियाम्बा ओरडला. "धुतलं आणि रंग गेला! कोंबडा आंघोळ करून आला!"

लोकांत कुजबुज उठली. बायकांच्या बाजूला नांगे ताठ बसली होती. बोबे तिमने पीस बोटांत फिरवलं, मग कटोऱ्यात वाकून पाहिलं. तो म्हातारा बोलण्याआधी नेहमी खोकत असे. आज तो इतका वेळ खोकला की नगामला घाम फुटला.

"कशात धुतलंस?"

"सालींच्या राखेच्या पाण्यात, बोबे."

"रात्रभर?"

"रात्रभर. काळं पडलं होतं..."

"अजून कशाकशात धुणार होतास रे बाबा?" म्हातारा म्हणाला, आणि वाड्याच्या स्वयंपाकघरातून ताजं राखेचं पाणी मागवलं. ते स्वच्छ, पिवळसर होतं. मग सगळ्यांदेखत त्याने स्वतःच्या टोपीतलं पीस काढलं. आताच्या फॉइनच्या वडिलांनी दिलेलं. आणि ते पाण्यात सोडलं.

पाणी पिवळसरच राहिलं. चियाम्बा हसायला लागला. पाणी तसंच. म्हाताऱ्याने मागच्या माणसाला माडी ओतायला सांगितली, प्यायचं एक शिंग रिकामं केलं, दुसरं भरून घेतलं.

मग पिसाच्या कडेने एक बारीक धागा सुटला. गुलाबी. तो पसरला, गडद झाला, आणि तिसरं शिंग संपेपर्यंत दोन्ही कटोऱ्यांतलं पाणी एकाच रंगाचं झालं.

"पावसात हे जात नाही," बोबे तिम म्हणाला. "पाखरू आयुष्यभर भिजतं. पण राखेच्या पाण्यात खऱ्या पिसाची लाली सुटते. माझ्या गुरूने सांगितलं होतं. मीही आजवर पाहिलं नव्हतं, कारण इतका स्वच्छ माणूस या डोंगरावर जन्मला नव्हता." त्याने राखाडी पीस नगामच्या टोपीत पुन्हा खोचलं आणि आपलं फिकं पडत चाललेलं पीस आपल्या टोपीत. "जंगलात एखाद्या पाखराने पीस टाकलं की नवं बघू. तोवर असेच फिरू दोघं."

मग त्याने अंगणभर नजर फिरवली. "पाणी अजून ताजं आहे. आणखी कुणाला आपलं पीस तपासून घ्यायचंय?"

पीसवाल्या साऱ्या मानकऱ्यांचे हात एकदम आपापल्या टोप्यांकडे गेले. चियाम्बाचे दोन्ही हात गेले. म्हाताऱ्याने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण काही विचारलं नाही, आणि ढोल सुरू झाले.

परतीच्या उतारावर पहिला झरा लागला. वणव्यातून वाचला होता तोच. नगाम थांबला, काठाला लाल डाग पडलेला कटोरा पाण्याकडे वाकवू लागला.

नांगेने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"आज काही धुवायचं नाही," ती म्हणाली.