तुकाबाईची नळी आणि कलकत्त्याचे प्रश्न

मुळशी खोऱ्यात तुकाबाई धनगरणीच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. पाटील असो की जंगल खात्याचा शिपाई, बाई समोरून आली की माणूस वाट बदलायचा. पण घरात बायको अडली, की तोच माणूस धापा टाकत डोंगर चढायचा आणि तिच्या गवती झापापुढं उभा राहून म्हणायचा, "तुकाबाय, चल बिगीनं." मग ती आधी एक टोमणा हाणायची आणि घोंगडी खांद्यावर टाकून त्याच्या पुढं चालू लागायची.

सुईणपण तिला सासूकडून मिळालं होतं. पण तिची खरी ख्याती होती ती दुसऱ्याच कामाची, आणि त्या कामाचं नाव बायका मोठ्यानं घेत नसत. बाळंत झालेल्या बाईची लघवी कधी कधी तुंबते. पोट ढोलासारखं फुगतं, बाई पाण्याबाहेरच्या मासळीसारखी तडफडते. तुकाबाईनं पहिल्या बाळंतपणात हे स्वतःच भोगलं होतं. सासूनं गिधाडाच्या पिसाची पोकळ नळी तूप लावून आत सारली, तुंबलेलं मोकळं झालं. पण पिसाच्या कापलेल्या टोकानं आतून असं खरवडलं, की तुकाबाई आठ दिवस सासूला शिव्या देत होती. त्याही तोंडावर.

शिव्या देऊन झाल्यावर ती विचाराला लागली. नवरा धुळाजी मेंढरांमागं पावा वाजवायचा. एकदा पाव्याच्या खालच्या टोकाशी मेण गच्च बसलं, तरी वारा बाजूच्या भोकांतून निघतोय हे तिनं पाहिलं. मग नळीला टोकाला भोक कशाला हवं? टोक बंद आणि गोल ठेवावं, भोकं बाजूला पाडावीत. तिनं पायातला चांदीचा वाळा काढला आणि पौडच्या कुशाबा सोनारापुढं ठेवला.

"ह्याची नळी कर. टोकाशी जरा वाकडी, करंगळीवानी."

"कशापायी?" कुशाबानं विचारलं.

"तुला बाळतपान आलं, की सांगीन."

कुशाबानं भट्टी पेटवली. तीनदा नळी बनली, तीनदा मोडून पुन्हा घडली. शेवटी एक अडचण उरली. कुठलीच बाई अंगावरचं लुगडं बाजूला सारू देत नसे. सगळं काम घोंगडीखाली, न बघता करायचं. मग नळीचा बाक कोणत्या अंगाला वळलाय हे हाताला कळावं कसं? तुकाबाईनं बाहेरच्या टोकाशी, बाक ज्या अंगाला त्याच अंगाला, ज्वारीच्या दाण्याएवढा मणी डाक देऊन जोडून घेतला. अंगठा मण्यावर ठेवला, की आतलं टोक कुठं बघतंय ते डोळे मिटूनही कळे. वाळ्याची ही गत बघून धुळाजीनं दुसऱ्या पायातला वाळा काढून लपवला आणि महिनाभर फुरंगटून बसला. पुढं त्याच्या सख्ख्या बहिणीची सुटका त्या नळीनं झाली, तेव्हा त्यानं तो लपवलेला वाळा परत आणून दिला. तो तुकाबाईनं पायात घातला आणि आयुष्यभर एकाच पायात वाळा घालून हिंडली.

ह्याला बारा वर्षं लोटली. धरणाचं काम जोरात होतं, खोऱ्यात मजुरांची दाटी झालेली, आणि त्यांच्यासाठी दवाखाना निघाला होता. तिथं पुण्याहून डॉक्टर ताम्हणकर आले. वयानं तरणे, विलायती टोपी, बोलणं गोड. माणूस वाईट नव्हता. फक्त आपण कधी चुकू शकतो, हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

एकोणीसशे पंचवीस सालच्या उन्हाळ्यात मजूर भागूबाई बाळंत झाली आणि दोन दिवस तिला लघवी होईना. डॉक्टर पेटी घेऊन गेले, तर उन्हानं त्यांच्या रबरी नळीला भेगा पडलेल्या. तशातच भागूबाईची सासू दारात विळा घेऊन बसलेली. "बापय मानूस आत आला तर पाय तोडीन," म्हणाली. एवढ्यात तुकाबाई आली. घोंगडी टाकली, हात आत घातला, आणि माणूस पान लावून तोंडात टाकेपर्यंत आतून मडक्यात धार पडल्याचा आवाज आला.

डॉक्टर बाहेर चकित होऊन उभे. "बाई, बघू ती नळी," ते म्हणाले.

"बगा की. पन उद्या सकाळी परत पायजे."

नळी चौथ्या दिवशी परत आली.

मग पावसाळा गेला, दिवाळी गेली. एके दिवशी दवाखान्यातला कंपौंडर वाल्मीक घामाघूम होऊन डोंगर चढून आला. हा इथलाच पोरगा. त्याच्या बायकोची, पारूची, सुटका दोन वर्षांमागं तुकाबाईनंच केलेली. त्यानं सदऱ्यातून एक घडी काढली.

"तुकामावशे, घात झाला. डागदरांनी तुज्या नळीचा अर्ज कलकत्त्याला धाडलाय. म्या स्वोता त्याची नक्कल केली."

"नळीला नोकरी लागतीया व्हय?"

"पेटंटचा अर्ज हाय ह्यो. नळी डागदरांनी काढली, आसं सरकार लिहून देनार. मंग चौदा वर्सं त्यांच्या इचाराबिगर तसली नळी कुनी करायची न्हाई न् वापरायची न्हाई."

"म्या बी न्हाई?"

"तू बी न्हाई."

तुकाबाईनं कपाळाला हात लावला. "आनि बाया काय चौदा वर्सं तुंबून बसत्याल व्हय रं?"

मग तिनं घडीवरचं चित्र निरखलं. वाचता येत नव्हतं, पण आपली नळी तिला ओळखू आली. बघता बघता ती अशी हसत सुटली, की मेंढरं चरायची थांबली. डॉक्टरांनी मणी बाकाच्या उलट अंगाला, पाठीवर काढला होता. आणि खाली काय लिहिलंय, तर वाल्मीकनं वाचून दाखवलं: मणी शोभेसाठी व हातातून न निसटण्यासाठी.

"सोभंसाठी!" तुकाबाईनं पदरानं डोळे पुसले. "वाल्मीका, लिव. नळी माजी हाय, बारा वर्सं वापरतीया. पन मण्याचं लिवू नगं. ते म्या तोंडानं सांगीन."

वाल्मीकनं कागद लिहिला, तिनं अंगठा उठवला, आणि विरोधाचा अर्ज कलकत्त्याला गेला. डॉक्टरांना कळलं तेव्हा ते वाल्मीकवर लालबुंद झाले. पण त्यांचं अक्षर खोऱ्यात त्या एकट्यालाच लागत असल्यामुळं त्याची नोकरी टिकली.

कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत अर्ज तपासणारा जो कुणी साहेब होता, तो मोठा चिकित्सक असावा. त्यानं दोन्ही कागद समोर ठेवले आणि प्रश्नांची लांबलचक यादी करून पौडच्या महालकऱ्यांकडं पाठवली: दोन्ही बाजूंना बोलवा, जबाब घ्या, उत्तरं धाडा. महालकरी, म्हणजे तिथले महसुली अधिकारी, पोक्त गृहस्थ. त्यांनी आयुष्यभर बांधाची भांडणं ऐकलेली. यादी वाचून त्यांनी चष्मा पुसला, परत वाचली, आणि सुनावणी नेमकी बाजाराच्या दिवशी ठेवली. बातमी फुटली होतीच. त्या दिवशी भाजी कुणी विकतंय, कुणी घेतंय असं दिसेना. सगळ्या बाया कचेरीच्या खिडकीशी.

डॉक्टर कोट घालून खुर्चीवर बसले. तुकाबाई जमिनीवर ऐसपैस बसली. तिच्याशेजारी वेळूची एक पाटी, वर फडकं झाकलेलं.

महालकऱ्यांनी घसा खाकरला. "तुकाबाई, पहिला प्रश्न. ह्या नळीचा वापर तू जाहीरपणे केलास काय?"

"म्हंजी?"

"म्हणजे उघड. चारचौघांसमोर."

खिडकीत कुणीतरी फिसकन हसलं. तुकाबाईनं गालाला बोट लावलं. "अवं रावसाहेब, ह्ये काम चारचौघात करत्यात व्हय? तुमच्या कलकत्त्याला तशी रीत आसंल तर आमाला ठावं न्हाई!"

खिडकी खदखदली. महालकऱ्यांनी टेबलावर पट्टी आपटली, पण त्यांच्या मिशाही हलत होत्या. कारकुनानं विचारलं, "रावसाहेब, काय लिहू?"

"लिहा, वापर झाला, पण पडद्याआड." त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. "कोणाकोणावर वापरलीस त्यांची नावं सांग."

इथं मात्र तुकाबाई अडली. तिचं तोंड कितीही चाललं, तरी घोंगडीखालची गोष्ट तिनं कधी घोंगडीबाहेर काढली नव्हती. "नावं न्हाई सांगायची," ती म्हणाली.

डॉक्टर पहिल्यांदाच पुढं झुकले. "पाहा रावसाहेब. पुरावा नाही. नळीची कल्पना बाईंकडून मला सुचली असेल, नाकारत नाही. पण बाजूची छिद्रं, बाक, मणी, हे सगळं शास्त्रीय रीतीनं मांडलं ते मी."

एवढ्यात खिडकीतून आवाज आला, "माजं नाव लिवा! भागूबाई!" मागून दुसरी ओरडली, "तानूबाई लिवा!" मग तिसरी, चौथी. कारकुनाचा टाक धावता पुरेना. अकरावं नाव एका घरंदाज आवाजात हळूच आलं, तेव्हा कारकुनानं दचकून वर पाहिलं. त्याची आई होती.

"झालं का लिवून?" तुकाबाई म्हणाली. "आता म्या एक इचारते. डागदरसाहेब, ह्यो मनी कशापायी?"

"पकडीसाठी. आणि थोडी शोभा."

तुकाबाईनं पाटीवरचं फडकं काढलं. आत मेंढीचा मुताचा फुगा होता, स्वच्छ धुतलेला, पाण्यानं टच्च भरलेला. त्याच्या तोंडाची वाट वर वाकडी वळावी, असा तो पाटीत बसवून दोऱ्यानं बांधला होता. ती पाटी तिनं महालकऱ्यांच्या टेबलावर ठेवली आणि त्यावर घोंगडी पसरली. "म्या डोळं मिटून करते. मंग तुमी करा, तुमच्या नळीनं."

तिनं खरंच डोळे मिटले, हात आत घातला, अंगठा मण्यावर. पुढच्याच क्षणी घोंगडीखालून वाटीत धार वाजू लागली. बाया "अगं बाई!" म्हणाल्या. तिनं वाटीभर पाणी काढलं, नळी ओढून घेतली आणि बाजूला सरकली.

डॉक्टरांना माघार घेता येईना. त्यांनी पुण्यात घडवून आणलेली चकचकीत नळी काढली, बाह्या सारल्या, हात आत घातला. त्यांचा मणी वर, म्हणजे नळीचं टोक खाली. जरा सारली, अडली. फिरवली, अडली. कपाळावर घाम आला. खिडकीतल्या बाया टाचा उंचावून बघू लागल्या. डॉक्टरांनी ओठ दाबून जोर लावला. फट्ट करून फुगा फाटला, आणि उरलेलं सगळं पाणी घोंगडीखालून टेबलावर, टेबलावरून डॉक्टरांच्या पांढऱ्या पाटलोणीवर उतरलं. तेही नको त्या जागी.

त्यानंतर कचेरीत जे हसणं झालं, ते म्हणे बाजाराच्या पार टोकापर्यंत गेलं. डॉक्टर रागानं पाटलोण झटकत होते. तुकाबाई मात्र हसली नाही. उठून जवळ गेली, दोन्ही नळ्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या आणि हळू आवाजात म्हणाली, "ह्यो फुगा मेंढीचा व्हता म्हून बरं. मनी बाकाच्या अंगाला पायजे, दादा. आंगठ्याचा डोळा हाय त्यो."

डॉक्टरांनी अंगठा आधी एका मण्यावर फिरवला, मग दुसऱ्यावर. बराच वेळ. मग चेहऱ्यावरचा राग ओसरला आणि खाली निखळ कुतूहल दिसू लागलं. "रावसाहेब," ते म्हणाले, "मण्याबद्दल माझं विधान चूक आहे, असं लिहा. नळी ह्यांची आहे."

दोन महिन्यांनी कलकत्त्याचा निकाल आला. साहेबानं कळवलं होतं, की बाजूची भोकं आणि बाक विलायतच्या जुन्या पुस्तकांत सापडतात, त्यांत नवं काही नाही. आणि मण्याचा उपयोग अर्जदाराला स्वतःलाच ठाऊक नव्हता, सबब अर्ज नामंजूर. पुस्तकांचं ऐकून तुकाबाईनं नाक मुरडलं. "लिवून ठेवलं व्हतं, तर आदी का न्हाई सांगितलं? माजा वाळा वाचला आसता."

महालकऱ्यांनी तिला विचारलं, मण्याचा तरी तुझ्या नावानं काही कागद करायचा का. ती म्हणाली, "कागद ठिवू कुटं? मेंढरं खात्यात."

ताम्हणकर डॉक्टर महिनाभर दर रविवारी डोंगर चढून तिच्या झापावर जात राहिले. ती त्यांना घोंगडीखाली हात घालून बसवायची, पुढ्यात फुगा ठेवायची आणि चुकलं की वेळूची काडी मनगटावर मारायची. धुळाजी मेंढरांकडं तोंड करून हसायचा. बदल्यात डॉक्टरांनी तिला एकच गोष्ट शिकवली, पण लाखाची: नळी दर वेळी उकळत्या पाण्यातून काढायची आणि तूपही कढवून घ्यायचं. तुकाबाईनं आधी कुरकूर केली. मग तिच्या लक्षात आलं, की मागून येणारा ताप बायांना आता येत नाही, आणि तिनं कुरकूर बंद केली.

डॉक्टरांनी कुशाबाकडून डझनभर नळ्या करवून घेतल्या आणि खोऱ्यातल्या सुईणींना वाटल्या. दवाखान्याच्या वहीत त्यांनी आदरानं लिहिलं, "तुकाबाईची नळी". ते वाल्मीकनं वाचून दाखवताच तुकाबाई उसळली.

"खोडा ते! माज्या नावानं मुताची नळी? नातवंडांची लग्नं व्हायची हायेत अजून!"

"मग कुणाचं नाव देऊ?" डॉक्टरांनी विचारलं.

तुकाबाईच्या डोळ्यांत चमक आली. "तुमाला हौस व्हती न्हवं? तुमचंच लावा की."

डॉक्टर स्वतःच हसत सुटले. वहीत तसं लिहिलं गेलं. पुढं डॉक्टरांची बदली झाली, धरण भरलं, वाड्यावस्त्या वर सरकल्या. पण मुळशी खोऱ्यात पुढची कितीतरी वर्षं बाळंतिणीच्या खोलीतून सुईणीची हाक यायची, "अगं ए, तो ताम्हणकर उकळून आन, आनि तूप लाव त्याला!"