हलिमाने लावलेले दोन ढीग

जयगडच्या बंदरात पडावात पाय टाकताना मी रडले नाही. लाटेने पडाव वर आला की तेवढ्यात आत उडी घ्यायची असते, रडत उभी राहणारी पाण्यात पडते. आगबोट लांब खाडीच्या तोंडाशी उभी होती. माझ्याकडे एक गाठोडं आणि चौथी पास झाल्याचा कागद. आई मालगुंडाहून चालत पोचवायला आली होती. काठावरून ओरडली, "आगोटीला परत ये गो!" बस, एवढंच. तीही रडली नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पाऊस लागला की आमच्याकडे चार महिने बंदर बंद, आगबोट बंद, कच्च्या रस्त्याची एस.टी.ही बंद. त्याआधी मीठ, मिरची, सुकी मासळी, लाकडं, छपराची झापं, सगळं घरात भरून ठेवायचं. हीच आगोट. त्या दिवसांत घरातला एकही हात कमी पडून चालत नसे. म्हणून आईने मला कार्तिकात सोडलं ते वैशाखाच्या बोलीवर.

तुम्ही भाचरं मुंबईला गेलात, दोघं दुबईला गेलात, आणि मला चिडवता की आत्या रत्नागिरीला गेली म्हणजे काय विलायतेला गेली? तुम्ही विमानाने जाता आणि रोज घरी फोन करता. मला आईचं पत्र यायला महिना लागायचा, कारण तिला लिहिता येत नव्हतं आणि भावाला लिहायचा कंटाळा होता. तेव्हा जरा गप्प बसून वाचा.

मी बावीस वर्षांची होते, नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. आतेभाऊ रत्नागिरीत वेड्यांच्या इस्पितळात स्वयंपाकी होता. त्याने बायकांच्या वॉर्डात मला आयाचं काम मिळवून दिलं. वाडीतल्या बायका म्हणाल्या, वेड्यांत राहून ही पण तशीच होणार. मी तिथे गेले आणि पहिल्या आठवड्यात कळलं की तिथल्या निम्म्या बायकांपेक्षा आमच्या वाडीतल्या जास्त बिघडलेल्या आहेत.

पौषात कुमुदताई आल्या. मूळच्या पुण्याच्या, मुंबईत शिकणाऱ्या, वय माझ्याएवढंच, लग्न केलेलं नाही आणि त्याची लाजही नाही. मानसशास्त्रात डॉक्टर होण्यासाठी त्या प्रबंध लिहीत होत्या. आजारी माणसाचं डोकं कसं चालतं, काय विसरतं, काय धरून ठेवतं, ते मोजायचं म्हणे. मोजायचं! आम्ही तोवर भात मोजलं होतं, नारळ मोजले होते. डोकं मोजणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. रुग्ण बायकांची बोली त्यांना पुरती कळेना, म्हणून वाचता-लिहिता येणारी आया हवी होती. चौघींत चौथी पास मी एकटीच.

त्या दिवसांची मजा मी कशी सांगू? त्यांनी माझ्या हातात एक घड्याळ दिलं. वरचं बटण दाबलं की काटा पळतो, पुन्हा दाबलं की जागच्या जागी उभा. दिवसभर मी ते दाबत होते. मग त्यांनी नियम शिकवले. बाई बोलेल तसंच लिहायचं, सुधारायचं नाही. मान हलवायची नाही. "बरोबर" म्हणायचं नाही, "अगोबाई" तर मुळीच नाही. समोरची बाई बोलते आणि आपण मान हलवायची नाही, हे आमच्या भागातल्या बाईला श्वास धरण्यासारखं आहे. मी आरशासमोर उभी राहून सराव करायचे. बाकीच्या आया दारातून चिडवायच्या, "काय गो द्वारके, डॉक्टरीण झालीस? आमची पण डोकी मोज की!" मी म्हणायचे, "मोजायला आधी असावं लागतं."

शाळेत मास्तरांनी माझी प्रत्येक ओळ लाल केली होती. इथे कुमुदताई म्हणत, चुकीचं बोलली तर ते चुकीचंच जपून लिही, आपल्याला तेच हवं आहे. असं काम जगात असतं हे मला माहीतच नव्हतं. सकाळी उठल्याबरोबर मला वॉर्डात जायची घाई व्हायची.

त्याच वॉर्डात हलिमा होती. जयगडची. नवरा बोटीवर खलाशी. पहिलं मूल जन्मतःच गेलं, तेव्हापासून तिने बोलणं सोडलं, जेवण सोडलं, वाळूत जाऊन बसायची. भावाने आणून ठेवली. दोन वर्षांत ती हळूहळू बोलू लागली, जेवू लागली, वॉर्डातल्या म्हाताऱ्यांची वेणीफणी करू लागली. मी मालगुंडची म्हणजे तिच्या शेजारचीच. रोज विचारायची, "बाय, मना घरा कवा धाडणार?" आदल्या वर्षीही सोडायचं ठरत होतं, पण ठरेपर्यंत बंदर बंद झालं आणि तिचा अख्खा पावसाळा इथेच गेला. या वर्षी भावाचं पत्र आलं होतं की शेवटच्या आगबोटीने न्यायला येतो, कागद तयार ठेवा. मोठे डॉक्टर कुमुदताईंना म्हणाले, "मला ती बरी वाटते. पण तुमच्या चाचणीत काय दिसतं ते सांगा, मग सही करतो."

इथे मी माती खाल्ली.

आमच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे असले की मास्तर आठ दिवस आधी उत्तरं पाठ करून घ्यायचे. साहेब खूश, मास्तर खूश, आम्हाला सुट्टी. परीक्षा म्हणजे हेच, अशी माझी समजूत. मला वाटलं, हलिमाला घरी जायचं आहे, कुमुदताईंना चांगली उत्तरं हवी आहेत, मग अडतंय कुठे? तांदूळ निवडायला बायका बसल्या की मी त्यांच्याकडून प्रश्न घोटून घेऊ लागले. आज वार कोणता, महिना कोणता, देशाची राजधानी कोणती, वर्षाचे दिवस किती. एकट्या हलिमाला शिकवलं तर दिसेल, म्हणून आठ जणींना शिकवलं. एवढी हुशारी केली.

आठही जणींनी धडाधड उत्तरं दिली. कुमुदताई पहिल्या दिवशी आनंदल्या, दुसऱ्या दिवशी कागद पुन्हा पुन्हा चाळू लागल्या, तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून आठ कागद टेबलावर पसरले.

"द्वारकाबाई, वर्षाचे दिवस किती?"

"तीनशे साठ."

"कसे?"

"महिन्याच्या तिथी तीस. बारा महिने."

"वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट असतात. आता मला सांगा, आठ जणींना एकच चूक कशी सुचते?"

मी सांगून टाकलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, तीनशे साठ आठ वेळा समोर लिहिलेलं होतं. मला वाटलं, आता मला हाकलतील. त्यांनी प्रत्येक कागदावर "बाद" लिहिलं आणि गठ्ठा बांधून कपाटात ठेवला. मी विचारलं, "फाडत का नाही?" त्या म्हणाल्या, "चूकही ठेवायची असते. का चुकलं ते प्रबंधात लिहावं लागेल." मग डोकं धरून बसल्या. "तुम्हाला कळतंय का काय झालं? हे प्रश्न त्या बायकांना आता पुन्हा विचारता येत नाहीत. हलिमाबद्दल डॉक्टरांना मी काय सांगू? माझ्याकडे तिचा एकही खरा कागद नाही."

शेवटची आगबोट बारा दिवसांवर होती. हलिमाला घरी पाठवायला निघालेल्या मीच तिचा रस्ता अडवून ठेवला होता.

कुमुदताईंकडे आणखी एक चाचणी होती. टेबलावर वीसेक वस्तू मांडायच्या आणि बाईला सांगायचं, ज्या एकत्र जातात त्या एकत्र ठेव. नीट चालणारं डोकं खायच्या वस्तू एकीकडे लावतं, लोखंडाच्या एकीकडे, असं काहीसं. त्यांच्या सरांनी दिलेल्या पेटीत चिरूट होता, विलायती पाना होता. आमच्या बायकांनी ते जन्मात पाहिलेले नव्हते. म्हणून त्यांनी मला बाजारात पाठवलं. "तुमच्या घरात असतं ते आणा. आणि द्वारकाबाई, या वेळी एक शब्दही शिकवायचा नाही. बाई गप्प झाली तर 'का' एवढंच विचारायचं." मी शपथ घेतली.

हलिमा आली. वस्तूंकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग भराभर दोनच ढीग केले. एका ढिगात मीठ, सुकट, लाल मिरची, काथ्याची दोरी, झापाचा तुकडा, काडेपेटी, आमसुलं, उकडे तांदूळ. दुसऱ्यात ओला नारळ, आंबा, मासे पकडायचा गळ, शिंपला, विड्याचं पान आणि उरलेलं सगळं.

कुमुदताईंचा चेहरा उतरला. दोरी आणि मिरची एकत्र, झाप आणि तांदूळ एकत्र. त्यांनी पहिल्या ढिगाकडे बोट केलं. "याला काय म्हणशील?"

"आधीचं."

"कशाच्या आधीचं?"

हलिमाने ओठ मिटून घेतले. तिला वाटलं, शिकलेली बाई आपली थट्टा करते. कुमुदताई लिहू लागल्या. मला उलटं वाचता येत होतं: "संबंध सांगता येत नाही."

मला तर पहिल्या तीन वस्तूंतच कळलं होतं. जीभ दातांखाली धरून मी बसले होते. सांगितलं असतं तर हाही कागद बाद. मान हलवली असती तरी बाद. मी घड्याळ खाली ठेवलं आणि मला परवानगी होती तो एकच शब्द उच्चारला. "का?"

हलिमा माझ्यावर उखडली. "तू इचारतेस? मालगुंडची ना गो तू? तुला म्हायती नाय?"

"मला काय माहीत ते सोड. का?"

"आगोट! दुसरं काय?" तिने हातवारे करून कुमुदताईंना समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. "बंदर बंद झाल्यावर मीठ कुठनं आणशील? झाप बांधायला दोरी नको? हे आधी भरायचं. हा नारळ, हा आंबा, हे भरून ठेवशील तर कुजेल. ते मिळेल तवा खायचं. पुण्याला पाऊस पडत नाय काय?" मग काडेपेटी उचलून हलवून बघितली. "ही अशी ठेवू नको, ओलसते. डब्यात तांदळात पुरून ठेव." आणि पुन्हा टेबलाकडे पाहून तिने कपाळाला हात लावला. "आणि घासलेट? घासलेट नाय ठेवलंस! अंधारात बसशील चार महिने?"

कुमुदताई उभ्याच राहिल्या. पेन हातात, लिहायचं विसरलेल्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "हे तुम्ही पढवलंत?"

"नाही."

"खरं सांगा."

"ताई, मी पढवलं असतं तर घासलेट आणायला विसरले असते का?"

त्यांनी क्षणभर विचार केला आणि अशा हसल्या की बाहेरच्या आया धावत आल्या. आधीची ओळ खोडून त्यांनी हलिमाचे शब्द लिहिले आणि शाईने ओला असलेला तो कागद हातात हलवत त्या थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. मी मागे, माझ्यामागे हलिमा, कोणी तिला बोलावलेलं नसताना. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, हलिमाकडे चष्म्यावरून पाहिलं. "जी बाई पुढच्या चार महिन्यांचा हिशेब मांडते, तिला इथे ठेवून मी काय करू?" त्यांनी सही केली. आईशप्पथ सांगते, माझ्या लग्नातही मला एवढा आनंद झाला नव्हता.

त्या संध्याकाळी कुमुदताईंनी सगळी चाचणी नव्याने मांडली. ढीग कसे लावले यापेक्षा का लावले हे आधी लिहायचं, असा नवा रकाना आखला. आणखी वीस बायका तपासायच्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला तुम्ही हव्यात. पण तुम्हाला घरी जायचं आहे ना?"

जायचं होतं. बोली होती. शेवटची आगबोट हलिमाला घेऊन जाणार होती, त्याच बोटीत माझीही जागा होती. मी गेले नाही. वाटलं, आई रागावेल. रागावू दे. मिरच्या आणखी कोणीही सुकवेल. "का" विचारायला इथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं. हलिमा पडावात चढताना मी तिला म्हटलं, "माझ्या आईला निरोप दे, द्वारकी येत नाय म्हणून." ती म्हणाली, "का, ते काय सांगू?" मी म्हटलं, "तू आता मला शिकवू नको."

कुमुदताईंचा प्रबंध पुढे पुरा झाला. त्यात एक पान त्या बाद कागदांवर होतं, म्हणजे माझ्यावरच. नाव घातलं नाही, मीच घालू नका म्हटलं. इस्पितळात मी पेन्शनीपर्यंत राहिले, मागच्या आळीत दोन खोल्यांचं घर केलं. तुम्ही विचारता, आत्या, घर कुठलं म्हणून सांगायचं, मालगुंड की रत्नागिरी? पन्नास वर्षं मी याला एकच उत्तर देते आहे, आगोट भरते तिथलं, आणि तुम्हाला ते उत्तर वाटत नाही. म्हणून नीट सांगते.

हलिमा गेल्यावर आठ दिवसांनी, पाऊस अजून लागला नव्हता, एस.टी.ने गावचा एक माणूस आला. त्याच्याकडे माझ्या नावाचं बोचकं. आत मीठ, सुकट, मिरची, आमसुलं, दोरीचं भेंडोळं, सगळं एका माणसाच्या मापाचं. भावाच्या अक्षरातली चिठ्ठी, पण बोलणं आईचं: "जयगडची पोर येऊन सगळं सांगून गेली. तुझी वाटणी इथे ठेवली तर उंदीर खातील. पाऊस जिथे काढणार तिथेच आगोट भर."

मी बोचकं सोडलं, एकेक वस्तू फळीवर लावली. घासलेट तेवढं नव्हतं. ते मी बाजारात जाऊन आणलं.