शेपटाची गाडी

माझ्या सासऱ्यांना अख्खं गाव 'शेपूट' म्हणायचं, आणि गंमत म्हणजे त्यांना त्याचा अभिमान होता. लग्न जमवताना माझ्या वडिलांनी चौकशी केली, तेव्हा कुणीतरी सांगितलं, "माणूस सरळ आहे, पण एका बाबतीत डोकं फिरलेलं आहे." ती बाब मला लग्नानंतर कळली. आम्ही डोंगरावरच्या गावात राहतो, सासरे पायथ्याच्या. मधे घाटाचा रस्ता. पण ते लेकीकडे यायचे ते डोंगराला मागून वळसा घालून, अर्धा दिवस मोडून, हाडं खिळखिळी करणाऱ्या वाटेने. येताना जुन्या बेकरीतून पाव आणायचे. ते पोचेपर्यंत गार आणि चिवट व्हायचे. घाटाने का आला नाहीत, असं विचारलं की म्हणायचे, "घाट बंद आहे."

त्या वेळी घाटातून आमच्या डोळ्यांदेखत ट्रक चाललेले असायचे.

या घाटात एके काळी गाड्यांची शर्यत व्हायची. कुणाची गाडी आधी वर पोचते, यावरून एका डॉक्टरची आणि एका लाकूडवाल्याची पैज लागली आणि बघता बघता सगळ्या मुलखाला तिचं वेड लागलं. थंडी सरली की एक दिवस रस्ता दोन्हीकडून अडवायचे आणि एकेक गाडी वर सोडायचे. वळणांवर गवताचे भारे रचलेले, कठड्यांवर माणसं. गाडी गुरगुरत सुटायची, आवाज डोंगराच्या पोटात शिरायचा, पलीकडून निघायचा आणि बारीक होत विरायचा. मग इतकं शांत व्हायचं, की गवतातला किडा ऐकू यावा. इंजिनात एरंडेल घालायचे. त्याचा गोडसर जळका वास कितीतरी दिवस झाडांत राहायचा. सासूबाई म्हणतात, "वाळत घातलेल्या चादरींनासुद्धा यायचा. आम्ही त्यातच झोपायचो आणि स्वप्नातही वळणंच घ्यायचो."

सासरे तेव्हा बेकरीची गाडी चालवायचे. शर्यतीच्या दिवशी वरच्या गावाचा पाव खाली अडकायचा, आणि हे अडसरापाशी उभं राहून कटकट करायचे. शेवटी वैतागून शर्यतवाल्यांनी त्यांच्या हातात हिरवा झेंडा दिला. सगळ्या गाड्या वर पोचल्या की तुम्ही जा, झेंडा दाखवत सावकाश, म्हणजे लोकांना कळेल रस्ता उघडला. तेव्हापासून "शेपूट आलं, शेपूट आलं" असं ओरडत लोक कठड्यांवरून उतरायला लागले. जिंकणाऱ्याला चषक मिळायचा, पण घाट उघडायचे सासरे. नियम एकच होता. निघण्याआधी अडसरापाशी टांगलेल्या फोनवर वर विचारायचं, "शेवटची पोचली का?" वरून उत्तर यायचं, "पोचली. ये." ते ऐकल्याशिवाय गिअर टाकायचा नाही.

एका वर्षी शेवटची गाडी त्यांच्या धाकट्या भावाची होती. बेकरीमागच्या शेडमध्ये दोघांनी मिळून बांधलेली, निळी, टप नसलेली. सुटताना धाकटा हसत म्हणाला, "दादा, पाव गरम असतानाच ये हां." आवाज डोंगरात शिरला आणि पलीकडून निघालाच नाही. सासऱ्यांनी फोन उचलला. वरचा माणूस म्हणाला, "अजून नाही. थांब."

ते थांबले. धाकट्याला दरीतून काढून खालीच आणलं. शर्यत त्या दिवशी बंद पडली ती कायमची. दुसऱ्या दिवशी कुणीतरी अडसर बाजूला केला, फोन काढून नेला, रहदारी सुरू झाली.

"मला निघ म्हणून कुणी सांगितलंच नाही," सासरे म्हणायचे. बेकरीची नोकरीही त्यांनी सोडली. तसे वेडेबिडे नव्हते. भावाचं शेवटचं सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं होतं. पण आपण झेंडा घेऊन वर गेलो की शर्यत संपली, आणि जात नाही तोवर धाकटा कुठल्यातरी वळणावर आहे, वाटेत आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. हे मला सासूबाईंनी सांगितलं. मी आपला चिडायचो. त्यांची गाडी मागच्या रस्त्यावर रुतली की ओढून काढायला मलाच जावं लागायचं. जावई म्हणून माझे लाड झाले ते एवढेच.

यंदा बोगदा तयार झाला. घाट गाड्यांसाठी कायमचा बंद होणार, अशी पाटी लागली. सासरे पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि घरी येऊन म्हणाले, "झेंडा कुठेय?"

सासूबाईंनी शिलाई मशीनवर घातलेलं हिरवं कापड ओढून त्यांच्या हातात दिलं. "इतकी वर्षं हाच तर घातला होता. दिसला नाही तुम्हाला?"

"दिसत होता," सासरे म्हणाले. मी त्या दिवशी त्यांच्याकडेच मुक्कामाला होतो. ते माझ्याकडे वळले. "जावईबापू, आता नाही गेलो तर तो आतच अडकेल हो."

सकाळी आम्ही माझ्या गाडीने निघालो. ते चालवायला, मी शेजारी, मागे पावांची पिशवी. धुकं इतकं की डोंगर नव्हताच, नुसता एक ओला पांढरेपणा. पूर्वी अडसर असायचा तिथे त्यांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. जिथे फोन टांगलेला असायचा त्या खांबाकडे बघत बसले.

"बाबा, चला ना," मी म्हणालो.

"कसा निघू?"

मी खिशातून फोन काढला, बायकोला लावला, "बाबा अडसरापाशी आहेत," एवढंच म्हणालो आणि त्यांच्या हातात दिला.

त्यांनी घसा साफ केला. "शेवटची पोचली का?"

काका गेले तेव्हा बायको पाळण्यात होती. झाडांवरून धुकं टपावर टपटपत राहिलं. तिला काय बोलावं सुचणार नाही, असं वाटून मी फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"पोचली, बाबा," ती म्हणाली. "काका पोचले. या तुम्ही."

सासऱ्यांनी गिअर टाकला.

झेंडा खिडकीबाहेर धरायचं काम माझ्याकडे आलं. हात गारठला, पण त्यांनी आत घेऊ दिला नाही. मागे गाड्यांची रांग लागून भोंगे वाजायला लागले. "वाजवू दे. शेपटाच्या पुढे कुणी जात नसतं," ते म्हणाले. एका वळणावर कठड्याचे दगड वेगळ्या रंगाचे होते. "इथे झेंडा जरा उंच," ते म्हणाले. वेग त्यांनी बदलला नाही. मला एरंडेलाचा वास आल्यासारखं वाटलं. शर्यत मी कधी पाहिलेलीसुद्धा नाही.

माझ्या दारात उतरून ते इकडेतिकडे बघायला लागले. आजवर ते नेहमी मागच्या फाटकाने आलेले. "हेच का घर?" त्यांनी विचारलं. बायको पायऱ्या उतरून आली, तिने पिशवी घेतली आणि आत हात घातला.

"अगंबाई," ती म्हणाली, "बाबा, हे तर गरम आहेत."

सासरे पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.